इंजिन गरम का आहे?

तुमच्यापैकी किती जणांनी एखादी वस्तू विकताना तिच्याबद्दलची एक गोष्ट सांगायची राहू दिली आहे? हात वर करू नका, मीही लगेच करणार नाही. बेसमेंटमध्ये दर एप्रिलला येणारी ओल, पुण्यातल्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्या मजल्यावर झिरपणारं पाणी, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून विकलेला सोफा आणि त्याचा आतून मोडलेला पाय. आपण खोटं बोललेलो नसतो. कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

माझ्या बाबतीत ती वस्तू होती एक जुना डिझेल पिकअप ट्रक. मुलं कॉलेजला गेल्यावर बायकोने आणि मी कॅम्पर ओढत राष्ट्रीय उद्यानं बघायची ठरवली, आणि त्यासाठी आठ सिलिंडरचा हा दांडगा ट्रक सेकंडहँड घेतला. चार उन्हाळे त्याने आम्हाला फिरवलं. पाचव्या हिवाळ्यात, कोलोरॅडोतल्या थंडीत, तो सकाळी सुरू व्हायला कुरकुर करायला लागला. स्टार्टर बराच वेळ फिरायचा, मग इंजिन ठोके देत जागं व्हायचं आणि मागून पांढरा धूर. त्या धुराला कच्च्या डिझेलचा वास होता.

या आजाराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. हे फवारण्याचं काम इंजेक्टर करतो. आजकालच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब सोळाशे ते दोन हजार बार किंवा त्याहूनही जास्त असतो. तुलनेसाठी सांगायचं तर आपल्या कारच्या टायरमध्ये तो साधारण अडीच बार असतो. नोझलची भोकं एक ते दोन दशांश मिलिमीटरची. आतली सुई आणि तिचं घर यांच्यात दोन-चार मायक्रॉनची फट, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पाच टक्क्यांच्या आसपास. त्यात डिझेलबरोबर थोडं पाणी किंवा बारीक कण गेले की ती घासते, नीट बसत नाही आणि इंजेक्टर टपकायला लागतो.

पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. पण पांढरा धूर दिसला म्हणून इंजेक्टरच गेला असं म्हणता येत नाही. फिल्टर तुंबलेला असू शकतो, इंधनात पाणी असू शकतं, कुठल्या तरी नळीतून हवा ओढली जात असेल, किंवा सिलिंडरमध्ये पुरेसा दाबच तयार होत नसेल. गॅरेजवाल्याने गाडी फार न तपासता आठही इंजेक्टर बदलायचे पाच हजार डॉलरच्या वर सांगितले. मी मेकॅनिकल इंजिनीअर, आणि हट्टी. म्हटलं, आधी रोग ओळखू.

फिल्टर बदलला. पाणी नव्हतं. इंजिन ऑइलची काडी बाहेर काढून बघितली, तर ऑइलची पातळी वाढलेली! ऑइल कमी झालेलं आपल्याला समजतं, पण वाढलेलं बघून पोटात गोळा येतो, कारण त्याचा अर्थ डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगांना सांभाळत नाही. मग स्कॅनर लावला. आयडलवर इंजिनाचा कॉम्प्युटर प्रत्येक सिलिंडरच्या ताकदीचा अंदाज घेत असतो, आणि सगळे सारखे चालावेत म्हणून कुणाला थोडं जास्त इंधन देतो, कुणाचं कमी करतो. तिसऱ्या सिलिंडरचं इंधन तो भरपूर कमी करत होता. म्हणजे तो इंजेक्टर मुळातच जास्त सोडत होता. मग इंजेक्टरांमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत जमवून मोजलं. सातव्याची बाटली बाकीच्यांच्या आधी भरली. तिथून दाब निसटत होता, म्हणून सकाळी सुरू व्हायला वेळ लागत होता. शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट केली. सिलिंडर ठीक होते. तिसरा आणि सातवा इंजेक्टर, निदान पक्कं.

आता मला माहीत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा. तीन आठवड्यांपूर्वी मी 'जुना ट्रक आहे, थंडीत जरा त्रास देतो' असं कुणालाही मनापासून सांगू शकलो असतो. निदान केल्यावर ती सोय संपली. टपकणारा इंजेक्टर तसाच चालवला तर पिस्टनला भोक पडू शकतं, आणि मग दोन इंजेक्टरांचा नाही, अख्ख्या इंजिनाचा खर्च.

त्याच सुमाराला बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, कॅम्पर विकून टाकला, आणि ट्रक ठेवण्यात अर्थ उरला नाही. मंडळातल्या एका मित्राने मला व्यवहारज्ञान दिलं. "कोड पुसून टाक. गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास गाडी फिरवून आण, गरम इंजिन धूर काढत नाही. आणि कागदावर 'ॲज इज' लिही. इथे सगळे असंच करतात." तो वाईट माणूस नाही. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात विमानाची तिकिटं त्यानेच काढून दिली होती.

जाहिरात टाकली, साडेचौदा हजार. एक तरुण आला. लोकांच्या घरची लॉन कापायचा त्याचा स्वतःचा छोटा धंदा. जुना ट्रक बंद पडलेला, गवत कापायच्या मशिनांचा ट्रेलर ओढायला मार्चच्या आत दुसरा हवा. त्याने ट्रकभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

"इंजिन गरम का आहे?" त्याने विचारलं.

"आत्ताच दुकानात जाऊन आलो," मी म्हणालो.

हे खरं होतं. मी खरोखरच दुकानात जाऊन आलो होतो. दूध आणलं होतं. घरात आधीच दूध होतं.

त्याने गाडी चालवून बघितली, आवडली. दुसऱ्या दिवशी बँकेतून पैसे घेऊन येतो म्हणाला.

त्या रात्री नाशिकला बाबांना फोन केला. बाबांची नोकरी सातपूरच्या मायकोत गेली. आता तिथे बॉशचं नाव आहे, पण नाशिककरांच्या तोंडी तो चौक अजून मायको सर्कलच आहे. बाबा नोझलच्या तपासणीवर होते. सुई आणि तिचं घर ही जोडी एकमेकांसाठीच घासून जुळवलेली असते, एकीची सुई दुसरीत घातली तर दोन्ही फुकट जातात, हे मी शाळेत असताना त्यांच्याकडून ऐकलं होतं. त्यामुळे इंजेक्टरची गोष्ट सांगायला माझ्यापाशी जगातला सर्वांत योग्य माणूस होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"टपकतोय म्हणजे टपकतोय," ते म्हणाले. "घेणाऱ्याला सांगितलंस?"

"त्याने विचारलं नाही, बाबा."

"अरे, मग इंजिन गरम का, असं त्याने कशासाठी विचारलं?"

पुढे ते माझ्या बायकोच्या गुडघ्याबद्दल बोलले. या विषयावर पुन्हा एक शब्द नाही.

झोप येईना. मी वकिली करायला लागलो, स्वतःच्याच बाजूने. आणि ही वकिली जुनी आहे, दोन हजार वर्षांहून जुनी. सिसेरोने इसवी सनपूर्व ४४ मध्ये कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात हाच खटला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन येतो. त्याला ठाऊक आहे की मागून आणखी जहाजं येताहेत. त्याने ते सांगावं, की गप्प बसून चढ्या भावाने धान्य विकावं? बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, कायदा जेवढं सांगायला लावतो तेवढं सांगावं, फसवू नये, बाकी माल त्याचा आहे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते सगळं घेणाऱ्याला कळलं पाहिजे. पुढे सिसेरो घराचं उदाहरण घेतो. घराचं लाकूड किडलेलं आहे आणि ते फक्त मालकाला माहीत आहे. न सांगणं आणि लपवणं यांत फरक आहे, असं डायोजेनीसच्या बाजूचं म्हणणं. सिसेरोचा निकाल विरुद्ध जातो. त्याच्या मते नुसतं गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे, पण ज्याला कळणं गरजेचं आहे त्याला आपल्या फायद्यासाठी कळू न देणं म्हणजे लपवणंच.

मला डायोजेनीस हवा होता. तसा इथला कायदाही साधारण त्याच्याच बाजूचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १८१७ साली लेडलॉ विरुद्ध ऑर्गन हा खटला चालला. १८१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एका व्यापाऱ्याला ब्रिटनशी तह झाल्याची बातमी इतरांच्या आधी कळली. त्याने गप्प राहून तंबाखू घेतला, आणि बातमी फुटल्यावर भाव वाढला. सरन्यायाधीश मार्शल यांनी म्हटलं की त्याच्यावर बातमी सांगण्याचं बंधन नव्हतं. हे वाचून मला बरं वाटलं. पण त्याच छोट्याशा निकालपत्रात एक अट आहे: दोघांपैकी कुणीही समोरच्याची दिशाभूल होईल असं बोलायचं नाही आणि करायचंही नाही.

'करायचंही नाही.' मी गाडी गरम केली होती.

मौन आणि कृती यांच्यातली जी रेघ मला वाचवेल असं वाटत होतं, ती मी दुधाच्या बाटलीसाठी ओलांडून आलो होतो. आणि बोलण्याचं म्हणाल, तर आपल्याकडे त्याची गोष्ट प्रत्येक मुलाला माहीत असते. 'अश्वत्थामा मेला' हे धर्मराज मोठ्याने म्हणाला, आणि तो हत्ती होता हे हळू आवाजात. वाक्य पूर्ण खरं होतं. तरी तोवर जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ त्या दिवशी खाली टेकला. लहानपणी मला वाटायचं, अर्ध्या खऱ्याला एवढी शिक्षा कशाला? आता वाटतं, समोरच्याने विश्वासाने प्रश्न विचारला होता, आणि त्या विश्वासाचाच हत्यार म्हणून उपयोग झाला. खोटं बोलणारा निदान स्वतःच्या जबाबदारीवर खोटं बोलतो. अर्धं खरं बोलणारा खरेपणाची पत वापरून फसवतो.

तुम्ही म्हणाल, एवढं मनाला लावून घ्यायला काय झालं, व्यवहार आहे. घेणाऱ्याने मेकॅनिककडून तपासून घ्यावं. हा मुद्दा मी हलका समजत नाही. घेणाऱ्याचीही जबाबदारी असते. पण विचार करा, त्याने तपासलंच की. त्याला जमेल तसं, तळहाताने तपासलं. मी ती तपासणी निकामी केली. 'तू तपासायला हवं होतंस' हे म्हणायचा हक्क ज्याने तपासणी बिघडवली त्याला उरत नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त छळत होता. मी हा ट्रक घेतला तेव्हा त्यातलं ऑइल अगदी नवं, स्वच्छ होतं. तेव्हा वाटलं होतं, मालक काळजीवाहू दिसतोय. आता शंका यायला लागली. त्यालाही काडीवर वाढलेली पातळी दिसली होती का? कदाचित हो, कदाचित नाही. चार वर्षांनंतर ते ठरवायला मार्ग नाही. पण समजा त्याने मला फसवलं असेल, तर ते नुकसान मी कुणाकडून वसूल करायचं? मनातला हिशेबनीस सांगत होता, पुढच्याकडून. दोष असेच फिरत राहतात. एकाकडून दुसऱ्याकडे, प्रत्येक जण स्वतःला बळी समजत पुढे ढकलतो, आणि शेवटी तो अशा माणसाच्या पदरात पडतो ज्याला पुढे ढकलायला कुणी नसतं. गवत कापून पोट भरणाऱ्या माणसाचं इंजिन मे महिन्यात फुटलं तर त्याचा अख्खा हंगाम जातो. माझी फक्त दोन उद्यानं बघायची राहिली असती.

महाभारतातच, शांतिपर्वात, तुलाधार नावाच्या वाराणसीच्या वाण्याची गोष्ट आहे. जाजली नावाचा तपस्वी, ज्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटं केलं तरी तो हलला नव्हता, त्याला धर्म शिकायला या वाण्याकडे जावं लागतं. तुलाधार त्याला सांगतो की त्याचा तराजू सगळ्यांसाठी सारखा आहे. पूर्वी मला हे फार साधं वाटायचं. पण तराजूचं एक वैशिष्ट्य आहे. त्याची दोन्ही पारडी दोघांना दिसतात. एक पारडं झाकून तोललं तर वजन बरोबर असलं तरी तो तराजू राहत नाही.

सकाळी मी त्या तरुणाला फोन केला. सगळं सांगितलं: तिसरा, सातवा, ऑइलची पातळी, आणि इंजिन मी मुद्दाम गरम केलं होतं हेही. शेवटचं सांगताना कान तापले. तो काही क्षण गप्प होता. मग म्हणाला, "मला वाटलंच होतं." हजार-दोन हजार कमी करतो, असं मी म्हणालो. त्याने आभार मानले आणि आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो. गाडीत काय बिघडलंय ते दुरुस्त करता येतं, विकणाऱ्यातलं नाही.

त्याने पुढे कुठला ट्रक घेतला, मला ठाऊक नाही. ही गोष्ट अशी संपत नाही की खरं बोललो आणि लगेच फळ मिळालं.

नंतरचे दोन शनिवार-रविवार मी दोन इंजेक्टर बदलले. या कामात आधी स्वच्छता आणि मग हत्यारं. उघडण्याआधी सगळा भाग धुवून पुसायचा, कारण धुळीचा एक कण नव्या इंजेक्टरला पहिल्याच दिवशी जुना करतो. उघड्या नळ्यांना लगेच टोप्या. चालू इंजिनात गळती हाताने कधीही शोधायची नाही. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, आणि बाहेरून टाचणीएवढी दिसणारी ती जखम तातडीच्या शस्त्रक्रियेची असते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघायचं. जुना इंजेक्टर ओढून काढल्यावर त्याच्या तळाची तांब्याची चकती खाली राहिली नाही ना, हे बघायचं. बैठकीची जागा साफ करायची, चकती नवी, ओ-रिंग नवी, आणि बोल्ट टॉर्क रेंचने सांगितलेल्या मापातच कसायचे. जास्त दाबाच्या ज्या नळ्या एकदाच वापरायच्या म्हणून सांगितल्या आहेत, त्या नव्याच घालायच्या. इंजेक्टरवर छापलेला कोड कॉम्प्युटरला द्यायचा, कारण दोन इंजेक्टर कधीच अगदी सारखे नसतात आणि कॉम्प्युटरला त्यातला फरक माहीत असावा लागतो. डिझेल मिसळलेलं ऑइल काढून नवं भरायचं. खर्च एकोणीसशे डॉलर, दुखलेली कंबर वेगळी.

इंजिन सुरू झालं तेव्हा धूर नव्हता. पण माझा प्रश्न संपला नव्हता. बाकीचे सहा इंजेक्टर तेवढेच मैल चाललेले, तेवढ्याच वयाचे. आज चांगले, पण किती दिवस? अँटिपेटरच्या सांगण्याप्रमाणे सगळं सांगायचं, तर 'सगळं' कुठे संपतं? प्रत्येक बोल्टबद्दलची भीती गिऱ्हाइकाच्या अंगावर ओतणं हाही एक प्रकारचा स्वार्थच आहे. आपलं ओझं हलकं होतं, त्याला काहीच कळत नाही.

मी स्वतःसाठी एक माप ठरवलं. मला जे माहीत आहे ते त्याला माहीत असतं, तर त्याने किंमत किंवा निर्णय बदलला असता का? हो असेल तर ते सांगायचं, विचारायची वाट न बघता. जे तपासलं ते तपासलं म्हणून, आणि जे तपासलं नाही ते तसं म्हणून. अंदाज अंदाज म्हणून. बाबांच्या कारखान्यातही तपासणारा नोझल शंभर वर्षं टिकेल असं लिहून देत नव्हता. कुठल्या दाबाला उघडली, फवारा कसा पडला, टपकली का, एवढंच. तेवढं मात्र खरं लिहायचा.

एका कागदावर मी हे सगळं लिहिलं. कुठले दोन बदलले, कधी, बाकी सहांचे स्कॅनरवरचे आकडे काय, ऑइलमध्ये किती दिवस डिझेल मिसळत होतं याची मला खात्री नाही, हेही. मित्राने कागद वाचला आणि म्हणाला, "हे वाचून कोण घेणार?" त्याचंही अगदीच चुकलं नाही. तीन जण कागद वाचून परत गेले.

आता तुम्ही तुमचा सोफा, तुमचं बेसमेंट आठवा. सगळं उकरून कुणाला फोन करा असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी कुणी यायच्या आधी आपण बेसमेंटमध्ये पंखा लावून ठेवत असू, तर तो कशासाठी लावतोय, हे स्वतःला मोठ्याने विचारून बघा.

ट्रक एप्रिलमध्ये गेला, तेरा हजारांना, एका घोडे पाळणाऱ्या माणसाकडे. मी त्याला सकाळी सातला बोलावलं होतं, आणि त्याआधी ट्रकला हात लावला नव्हता. रात्री बर्फ भुरभुरला होता. त्याने कागद वाचला, खिशात ठेवला, आणि बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट थंडगार होतं. मी किल्ली त्याच्या हातात दिली.